दुष्काळाचं गणित कोण मांडतं?

३१ ऑक्टोबर २०२३ ला राज्य सरकारनं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. सांगली जिल्ह्यातले चार तालुके त्या यादीत होते : मिरज, खानापूर, कडेगाव आणि शिराळा. कवठे महांकाळ नव्हतं. जत नव्हतं, आटपाडीही नव्हतं.

आता तुम्ही सांगलीकर असाल तर इथंच थांबून हसाल. शिराळा म्हणजे चांदोलीच्या अंगाचा, भातशेतीचा तालुका. आणि जत-आटपाडी-कवठे महांकाळ म्हणजे ज्यांच्या नावापुढे ‘दुष्काळी’ हा शब्द आडनावासारखा चिकटलेला. शिराळा आत आणि आपण बाहेर, हे कसं काय? त्या आठवड्यात पानटपरीपासून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत एकच विषय होता. ‘आमच्यावर अन्याय झाला’ आणि ‘राजकारण आहे सगळं’, ही दोन वाक्यं तर पाठच झाली होती.

ही नुसती मानापमानाची गोष्ट नव्हती बरं का. दुष्काळ जाहीर झाला की सवलती मिळतात. जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, शेतीच्या कर्जवसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू बिलात ३३.५ टक्के सूट, गरज असेल तिथं टँकर. आणि तुमच्या थेट खिशातली गोष्ट म्हणजे शाळा-कॉलेजच्या विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्कात माफी. यादीत नाव नाही म्हणजे फॉर्म भरताना पैसे मोजा.

मग प्रश्न असा, की हे ठरवतं कोण? उत्तर आहे : एक सूत्र. केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेत ते आहे. आधी पावसाची तूट आणि पावसातला खंड बघायचा. मग पेरणी किती झाली, उपग्रहातून पिकांचा हिरवेपणा कसा दिसतो, जमिनीत ओल किती, पाणीसाठे कसे, हे बघायचं. शेवटी काही गावांत जाऊन प्रत्यक्ष पडताळणी. यातली पहिली पायरीच बघा. पावसाची तूट मोजायची ती त्या तालुक्याच्या स्वतःच्या सरासरीशी.

एक बनवलेलं उदाहरण घेऊ. एका तालुक्याची सरासरी १००० मिलिमीटर, पडला ६००. तूट ४० टक्के. दुसऱ्या तालुक्याची सरासरी ५००, पडला ४००. तूट फक्त २० टक्के. सूत्राच्या डोळ्याला पहिला तालुका जास्त संकटात दिसतो. प्रत्यक्षात दुसऱ्याच्या रानात पाणी कमी पडलेलं आहे. म्हणजे ज्याच्या नशिबी कायमच कमी पाऊस, त्याची तूट टक्क्यात कमी दिसू शकते. ही टक्केवारीची करामत आहे. ती कळायला बारावीचं गणितही लागत नाही, पण ती कुणीतरी मांडून दाखवावी लागते.

पुढं काय झालं तेही बघा. आरडाओरडा झाला, निवेदनं गेली आणि दहाच दिवसांत सरकारनं दुसरा निकष आणला. तालुका न धरता महसूल मंडळ धरायचं. पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरपेक्षाही कमी असेल तर ‘दुष्काळसदृश’ म्हणायचं आणि सवलती द्यायच्या. म्हणजे काय? सूत्र दगडावरची रेघ नसतं. माणसांनी केलेलं असतं आणि माणसांना बदलता येतं. मात्र ‘अन्याय झाला’ एवढ्यानं ते बदलत नाही. अन्याय सूत्राच्या कुठल्या ओळीत आहे हे दाखवणारं कुणीतरी लागतं.

असं दाखवणारी माणसं आपल्या सातारा-सांगलीच्या पट्ट्यानं भरपूर दिली आहेत आणि बाहेरून येऊन इथलीच झालेलीही आहेत. अभ्यास केला, पेपर छापला, प्रमोशन घेतलं, एवढ्यावर ती थांबली नाहीत. आपला अभ्यास त्यांनी चालू भांडणाच्या मधोमध आणून ठेवला.

उपाशी किती, हे मोजायचं कसं?

साताऱ्यात जन्मलेले वि. म. दांडेकर पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत होते. १९७१ साली त्यांनी आणि नीळकंठ रथ यांनी ‘भारतातील दारिद्र्य’ या विषयावर एक दीर्घ अभ्यास प्रसिद्ध केला. तो काळ आठवा, म्हणजे पुस्तकातून आठवा. ‘गरिबी हटाव’ची घोषणा देशभर गाजत होती. पण गरीब म्हणजे नेमका कोण आणि असे किती, याचं उत्तर घोषणेत नव्हतं.

दांडेकर-रथ यांनी साधा प्रश्न विचारला. माणसाला दिवसाला २२५० कॅलरी मिळतील एवढं अन्न घ्यायचं, तर महिन्याला किती खर्च करावा लागतो? १९६०-६१ च्या किमतीनं खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये, असा हिशेब निघाला. त्या रेषेखाली खेड्यातली साधारण ४० टक्के आणि शहरातली ५० टक्के माणसं होती. आकडा असा समोर आल्यावर पळवाट बंद होते. ‘गरिबी आहे हो’ म्हणून मान हलवता येत नाही. किती जणांसाठी किती पैसे ठेवले, हे सांगावं लागतं. ज्यांना काम हवंय त्यांना सरकारनं ग्रामीण भागात काम द्यावं, असा उपायही त्यांनी मांडला.

गंमत पुढं आहे. या मोजमापाला सगळ्यात जोरदार आव्हान दिलं ते दुसऱ्या सातारकरानं. पां. वा. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. जगभर नाव असलेले संख्याशास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं होतं. त्यांचं म्हणणं असं : प्रत्येक शरीराची गरज वेगळी असते, एकाच माणसाची गरजही रोज सारखी नसते, शरीर काही मर्यादेत स्वतःला जुळवून घेतं. मग सरासरी गरजेलाच रेषा मानली, तर धडधाकट माणसंही उपाशी म्हणून मोजली जातील. शिवाय स्वच्छ पाणी नसेल, सारखी हगवण लागत असेल, तर खाल्लेलं अंगी लागत नाही, म्हणून पाण्याकडं आणि स्वच्छतेकडं बघा.

यावर टीकाकार म्हणाले, अहो, ‘गरिबाचं कमी खाण्यात भागतं’ असं म्हणायला सरकारला हे आयतं निमित्त मिळेल. दांडेकरांनीही लेख लिहून उत्तर दिलं. पुढं १९८० च्या दशकात हा वाद चांगलाच रंगला. कोण बरोबर, यावर तुमच्या अर्थशास्त्राच्या सरांना विचारलंत तर अजूनही अर्धा तास जाईल. पण वाद कसा झाला हे बघा. दोघांनी आपापलं गणित उघडं ठेवलं. कुठला आकडा कुठून घेतला, कुठं काय गृहीत धरलं, सगळं समोर. त्यामुळं तिसऱ्या माणसाला दोघांनाही तपासता येत होतं. आजच्या टीव्हीवरच्या चर्चेत आवाज खूप असतो. गणित मात्र कुणी उघडत नाही.

विसापूरची कल्पना, देशाचा कायदा

कवठे महांकाळला लागून तासगाव तालुका. त्यातलं विसापूर हे वि. स. पागे यांचं गाव. पागे प्राध्यापक नव्हते, वकील होते, गांधीवादी कार्यकर्ते होते आणि १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम द्यायचं, ही कल्पना त्यांनी आधी तासगाव तालुक्यातल्या गावांत करून बघितली. मग १९७२ चा दुष्काळ आला.

तुमच्या आजी-आजोबांना ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणा, लगेच बोलायला लागतील. सुकडी, खडी फोडणं, नालाबंडिंग, पाझर तलाव. मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख मजूर होते. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्यासाठीचा पैसा कुठून आला माहितीय? शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर त्यासाठीच सुरू झाला.

आता अभ्यासकांचा भाग. एवढा भयानक दुष्काळ पडला, तीन वर्षं पिकं गेली, तरी मोठ्या प्रमाणावर भूकबळी का गेले नाहीत? गोखले संस्थेतल्या सुलभा ब्रह्मे यांनी या दुष्काळाचा अभ्यास केला. पुढं ज्याँ द्रेझ या बेल्जियममध्ये जन्मलेल्या अर्थशास्त्रज्ञानं महाराष्ट्राच्या याच दुष्काळावर सविस्तर लिहिलं. त्याचं उत्तर थोडक्यात असं : माणसांना काम मिळालं, हातात मजुरी आली, म्हणून धान्य विकत घेता आलं. आणि काम मिळालं कारण लोकांनी ते मोर्चे काढून, गर्दी करून मागून घेतलं. हाच द्रेझ पुढं भारताचा नागरिक झाला आणि २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यासाठी झटणाऱ्यांत आघाडीवर होता.

म्हणजे धागा बघा. तासगाव तालुक्यातला प्रयोग, बहात्तरचा दुष्काळ, अभ्यासकांनी ठेवलेल्या नोंदी आणि त्यातून दिल्लीतल्या कायद्याला मिळालेला आधार. नोंदी झाल्या नसत्या तर ‘आमच्याकडं असं झालं होतं’ ही आजीची गोष्ट आजीबरोबरच संपली असती.

खडी फोडणाऱ्यांचा प्रश्न

पण गोष्ट इथं गोड होऊन संपत नाही. रोजगार हमीवर काम मिळालं, पण काम कसलं? उन्हात बसून खडी फोडायची. पुढच्या दुष्काळात पुन्हा तीच खडी. १९८० च्या दशकात खानापूर तालुक्यातल्या मजुरांनी विचारलं, आम्ही घाम गाळतोच आहोत तर दुष्काळ हटेल अशी कामं का नाहीत? १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईहून गावी परतलेले कामगारही त्यांच्यात होते. या मंडळींची संघटना म्हणजे मुक्ती संघर्ष आणि तिच्याबरोबर होते डॉ. भारत पाटणकर, वाळवा तालुक्यातल्या कासेगावचे.

इथं तज्ज्ञ आले, पण कसे आले ते महत्त्वाचं आहे. के. आर. दाते यांच्यासारखे अभियंते आले, लोकविज्ञान चळवळीतली मंडळी आली, आणि त्यांनी ‘तुम्ही गप्प बसा, आम्ही सांगतो’ असं म्हटलं नाही. गावातल्या माणसांबरोबर बसून पाऊस, विहिरी, पिकं यांचा हिशेब मांडला. येरळेच्या पात्रातली वाळू ठेकेदार उपसून नेत होते आणि वाळू गेली की आजूबाजूच्या विहिरी आटत होत्या. बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी ठरवलं, वाळू मोजकीच आणि आपणच विकायची आणि त्या पैशातून नदीवर धरण बांधायचं. त्याचं नाव बळीराजा स्मृती धरण. पाणी कसं वाटायचं हा प्रश्न आला तेव्हा जमिनीच्या आकारावर वाटप न करता घरटी समान वाटप ठरलं आणि भूमिहीनांचाही हक्क मानला.

पाणी अमुक इतकं आहे, हे अभियंता सांगू शकतो. ते कुणाला द्यायचं हे गाव ठरवतं. दोघांनी आपापलं काम ओळखलं म्हणून धरण झालं.

त्या चळवळीत एक बाई होत्या, गेल ऑम्वेट. अमेरिकेतल्या मिनिआपोलिसच्या. बर्कलीच्या विद्यापीठात पीएच.डी. केली ती कशावर? महात्मा फुले आणि महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर. प्रबंधासाठी १९७० च्या सुमारास इथं आल्या, मराठी शिकल्या, भारत पाटणकरांशी लग्न केलं, १९८३ मध्ये भारताच्या नागरिक झाल्या आणि कासेगावात राहिल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये तिथंच त्यांचं निधन झालं. परित्यक्ता स्त्रियांच्या प्रश्नापासून पाण्याच्या परिषदांपर्यंत त्या सगळीकडं होत्या आणि रात्री घरी बसून इंग्रजी वृत्तपत्रांसाठी, संशोधन-पत्रिकांसाठी लिहीत होत्या.

१९९९ मध्ये अरुंधती रॉय यांचा नर्मदेच्या धरणाविरुद्धचा निबंध गाजला. त्या वेळी देशातले बहुतेक पुरोगामी लेखक एका बाजूला होते. ऑम्वेट यांनी रॉय यांना खुलं पत्र लिहिलं. धरणग्रस्तांवर अन्याय होतो हे त्यांना मान्यच होतं. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही घोषणा देत इथले लोक लढले होते. पण दुष्काळी शेतकऱ्यालाही पाणी हवंय, त्याचीही चळवळ आहे, तिचं काय, असा त्यांचा प्रश्न होता. १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरत होत्या, नागनाथअण्णा नायकवडी आणि पाटणकरांच्या पुढाकारानं तेरा दुष्काळी तालुक्यांतले शेतकरी कृष्णेच्या पाण्याचा वाटा मागत होते. त्या गर्दीत राहिलेल्या बाईला हा प्रश्न पडणारच. आपल्याच बाजूच्या माणसांना न पटणारी गोष्ट बोलायला जास्त धाडस लागतं. तुम्हाला ऑम्वेट पटतील किंवा रॉय पटतील, दोन्ही वाचा आणि ठरवा. पण आपल्या पट्ट्यातला दुष्काळ त्या राष्ट्रीय वादात पोचला, तो कुणीतरी नेला म्हणून.

मग तज्ज्ञ म्हणतो ते सगळं खरं?

मुळीच नाही. डिग्री हा परवाना नव्हे. मोबाइलवर रोज कुणीतरी ‘प्राध्यापक’, ‘अभ्यासक’, ‘विश्लेषक’ येऊन बोलतो. सकाळी पुरावर, दुपारी शेअर बाजारावर, रात्री इतिहासावर. त्याला ऐकताना चार गोष्टी विचारा. या विषयात यानं स्वतः काय काम केलंय? आकडा सांगितला तर तो कुठून आणला, हे सांगतोय का? विरुद्ध बाजूचं म्हणणं नीट मांडून मग खोडतोय, की नुसती टिंगल करतोय? आणि आपल्या अभ्यासाची हद्द कुठं संपते, हे कबूल करतोय का? या चाळणीतून जो उरेल त्याला वेळ द्या, मग तो तुमच्या आवडीच्या पक्षाचा असो वा नसो.

दुसरी अडचण भाषेची. दांडेकर-सुखात्मे वाद झाला तो मुख्यतः इंग्रजीत. आपल्या पोटाचा प्रश्न आणि चर्चा मात्र आपल्याला न वाचता येणाऱ्या मासिकांत, असं वारंवार होतं. तुमच्यातल्या ज्यांचं इंग्रजी बरं आहे त्यांना इथं मोठं काम आहे. एक शासकीय अहवाल घ्या, त्यातला तुमच्या तालुक्याचा भाग मराठीत दोन पानांत लिहा आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. तो वाचायला किती माणसं थांबतात, बघा तरी.

तुमचं काय?

नव्या शैक्षणिक धोरणात तुम्हाला फील्ड प्रोजेक्ट करावा लागतो, त्याला क्रेडिट आहे. बहुतेक ठिकाणी काय चालतं ते आपण सगळे जाणतो. मागच्या वर्षीची फाईल, पहिलं पान बदललेलं, स्पायरल बाइंडिंग आणि सबमिट. विषय ‘पर्यावरणाचे महत्त्व’. मार्कही मिळतात.

पण जरा इकडं बघा. कवठे महांकाळ तालुक्यात म्हैसाळ योजनेचं कृष्णेचं पाणी येतं. मिरज तालुक्यात म्हैसाळला उचललेलं पाणी टप्प्याटप्प्यानं वर चढवून इकडं आणि पुढं जतकडं जातं. ते काही गावांत पोचतं, काही गावांत उशिरा पोचतं. पाण्यामुळं द्राक्षबागा वाढल्या, बेदाणा वाढला. बाग वाढली म्हणजे पाण्याची भूकही वाढली. अग्रणीच्या काठच्या विहिरींचं काय झालं? आवर्तन सुटल्यावर पाणी शेवटच्या गावाला किती दिवसांनी मिळतं? पाणीपट्टी कोण भरतं? भूमिहीन मजुराच्या घरात या पाण्यानं काय बदललं? याची उत्तरं पुण्या-मुंबईच्या कुठल्या ग्रंथालयात नाहीत. ती ढालगावच्या, घाटनांद्र्याच्या, नागजच्या माणसांकडं आहेत आणि ती माणसं तुमच्या ओळखीची आहेत. पुण्याहून येणाऱ्या संशोधकाला जे समजायला सहा महिने लागतील, ते तुम्हाला मामाच्या गावी एका रविवारी कळतं.

लागणारी माहितीही फार लांब नाही. महसूल मंडळाच्या पावसाची नोंद रोज होते. भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरवून दिलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. ई-पीक पाहणीत कुठल्या गटात कुठलं पीक ते असतं. जे मिळत नाही ते माहितीच्या अधिकारात मागता येतं. वाणिज्यवाल्यांनी बागेचा खर्च मांडावा, भूगोलवाल्यांनी नकाशा करावा, मराठीवाल्यांनी म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी लिहून घ्याव्यात, संख्याशास्त्रवाल्यांनी मघाचं ते तुटीचं सूत्र आपल्या मंडळाला लावून बघावं.

असं केल्यानं लगेच दुष्काळ हटेल, असं कुणी सांगणार नाही. दांडेकरांच्या आकड्यानं गरिबी गेली नाही. बळीराजा धरण झालं म्हणून सगळा खानापूर तालुका हिरवा झाला नाही. पण पुढच्या वेळी यादी येईल, तुमच्या तालुक्याचं नाव त्यात नसेल आणि तहसील कार्यालयासमोर माणसं जमतील, तेव्हा त्यांच्या हातात घोषणेच्या फलकाबरोबर तुमच्या मंडळाचा पाच वर्षांचा तक्ता असला, तर साहेबांना बसून बोलावं लागेल.

पुढच्या जूनमध्ये पहिला पाऊस पडला की वहीच्या शेवटच्या पानावर तारीख टाका आणि तुमच्या मंडळाचा आकडा लिहा. दुसऱ्या पावसाचाही लिहा. शेजारच्या गावच्या मैत्रिणीला तिच्या मंडळाचा लिहायला सांगा. दिवाळीपर्यंत दोघींच्या वह्या समोरासमोर ठेवल्या तरी बोलायला खूप काही सापडेल.